कोई शक?

परवा अकोल्याच्या स्टँडवर बूटपॉलिशचा वास आला आणि मला आमचे मेजर आठवले. खरं तर ते सुभेदार म्हणून रिटायर झालेले, पण आमच्या तिवसा तालुक्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ते जिल्हा परिषदेला उभे राहिले तेव्हा लाऊडस्पीकर माझा होता. सभेआधी ते माझ्या गाडीमागे बसून बूट चमकवायचे आणि भाषण संपवताना पलटणीतल्या सवयीनं गरजायचे, "कोई शक?" फौजेत याला एकच उत्तर, "नहीं साब." आमच्याकडे लोक गप्प बसायचे आणि मेजर तेच उत्तर समजून खाली उतरायचे. पण एका गावात भाजी विकणारी एक म्हातारी उठली. "हाव, मले हाये ना शक! वावराच्या पांदणीत, रस्त्यातच गुडघाभर चिखल हाये, भाजी डोक्यावर आणतो आमी. निवडून आल्यावर बी असंच इचारसान काय?" कार्यकर्ते तिला खाली बसवायला धावले. मेजर त्यांच्यावर असे ओरडले, की माझा भोंगा शिट्टी मारू लागला. माइकची वायर तिच्यापर्यंत पुरेना, म्हणून त्यांनी तिला हात धरून स्टेजवर आणलं आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत स्वतः सावधानमध्ये उभे राहिले. ते निवडून आले, पांदणीत मुरूमही पडला, उशिरा का होईना. अजूनही प्रत्येक सभेत ते तेच विचारतात. म्हणून आता मी दोन माइक नेतो, आणि लांब वायरचा असतो तो लोकांसाठी.