मोडनिंबहून येणारा फोन

सोलापुरातल्या एका दूध कंपनीच्या ऑफिसात मी संगणकांचं काम बघते. गावोगावच्या संकलन केंद्रांवर एकेक संगणक आहे. सकाळी दूध आलं की किती लिटर, किती फॅट याच्या नोंदी त्यात होतात आणि इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर येतात. एखाद्या केंद्राची जोडणी तुटली की ती का तुटली हे शोधणं माझं काम.

त्या सोमवारी मोडनिंबचं केंद्र लागेना. सात वाजता तिथल्या कारकुनाचा फोन आला.

"मॅडम, समदं चालू हाय, पर पुढं काय जाईना बगा."

आवाज थेट माझ्या वडिलांचा होता. तोच किंचित बसका सूर, तेच वाक्य संपताना 'बगा' म्हणणं.

आबा माळशिरसजवळ आमच्या गावी भावाकडे असतात. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्याआधी ते मला रोज फोन करायचे, मी कामात असले तरी. पाऊस, शेळ्या, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं सांगायचे. मी "हं, हं" करत एकीकडे टाइप करत राहायचे. आता भाऊ फोन त्यांच्या कानाला लावायचा, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मी अर्ध्या मिनिटात "बरं आबा, ठेवते" म्हणून सुटका करून घ्यायचे.

केंद्रांवरून नोंदी तेवढ्या यायच्या, तिथला संगणक इथून उघडून बघायची सोय नव्हती. कारकून काकांकडे साधा बटणाचा फोन, म्हणजे फोटोही येणार नाही. एकच मार्ग उरला. संगणक स्वतःच्या आत एक नोंद ठेवत असतो, लॉग म्हणतात त्याला. कधी चालू झाला, कुणाशी बोलायचा प्रयत्न केला, कुठं अडला, सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. तो उघडायचा कसा ते मी काकांना सांगितलं आणि लाल खुणेच्या ओळी वाचायला लावल्या.

"विंग्रजी हाय की वो."

"एकेक अक्षर वाचा काका. मी लिहून घेते."

त्यांनी वाचलं. ई, आर, आर... मधे एखादा शेतकरी आला की "थांबा जरा" म्हणायचे, कॅन ओतल्याचा आवाज यायचा, मग "हां, कुटं हुतो आपुन?" मला त्या ओळीपेक्षा ते 'कुटं हुतो आपुन' जास्त हवं होतं.

"आता या ओळीची वेळ सांगा."

"बारा वाजून तीन मिंटं."

म्हणजे काल दुपारी, असं मी धरून चालले. बारा वाजता तिथं काय होतं ते विचारलं. "तवा मी जेवाय जातो. मशीन बंदच असती," ते म्हणाले. बंद मशीन चूक कशी नोंदवेल? त्यात मी तीन दिवस अडकले. रोज सकाळी तेच व्हायचं, मग दहा-अकराला जोडणी आपोआप लागायची. केबल, राउटर, सगळं तपासून झालं. रोज सातला फोन, रोज अक्षरं. मधे त्यांची नात धावण्यात तालुक्याला पहिली आली हे कळलं, त्यांच्या मेंढीला दोन पिल्लं झाली हेही कळलं. मीही बोलताना नकळत 'हाय' आणि 'न्हाय' म्हणू लागले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चमकून बघायची. ऑफिसात लागल्यावर पहिल्या महिन्यातच मी ती बोली गिळून टाकली होती.

गुरुवारी ते वाचता वाचता म्हणाले, "मॅडम, तारीख बी सांगू का? मला ती पहिल्यापासनं चुकीचीच वाटतीया."

"चुकीची म्हणजे?"

"आठ वर्षामागची दावतंय. एक जानेवारी."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुमी नुसती येळ इचारली की."

मी कपाळाला हात लावला. बारा वाजून तीन मिनिटं म्हणजे दुपारची नव्हे, मध्यरात्रीनंतरची. संगणकाच्या आत घड्याळासाठी एक चपटी बॅटरी असते, ती संपली होती. काका जाताना मेन स्विच बंद करायचे, की घड्याळ मागं जायचं. सकाळी चालू केल्यावर ते पुन्हा आठ वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीच्या मध्यरात्रीपासून मोजायला लागायचं, आणि एवढी जुनी तारीख बघून आमचा सर्व्हर त्याला आत घेईना. पुढं कधीतरी तो इंटरनेटवरून खरी वेळ उचलायचा आणि गाडी रुळावर यायची.

उपाय एका वाक्याचा होता. मोडनिंबच्या बाजारात कुठल्याही घड्याळवाल्याकडं ती बॅटरी मिळाली असती, तोवर तारीख हातानं बदलता आली असती. मी ते वाक्य बोलले नाही.

"बघते काका," म्हणाले. "उद्या सकाळी फोन करा."

शुक्रवारी फोन आला. मी पुन्हा ओळी वाचायला लावल्या, सगळ्या. दहाला जोडणी लागेलच, कुणाचं काय बिघडणार आहे, असं मनाला सांगितलं. त्या दिवशी मात्र संगणकानं खरी वेळ उचललीच नाही, जोडणी लागली नाही. संध्याकाळपर्यंत एकही नोंद आली नाही आणि वरिष्ठांनी मोडनिंबला परस्पर निरोप धाडला की दुधाचं रजिस्टर घेऊन उद्या सोलापूरला या.

शनिवारी अकराला ते ऑफिसात आले. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, डोक्याला टोपी, काखेत पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर. आबा उंच आणि हडकुळे. आवाज सोडला तर काही म्हणजे काही जुळत नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

"लई गर्दी एस्टीला," ते म्हणाले. "नातीची शर्यत हुती आज, जिल्ह्याची. म्हनली, आज्या तू हायेस न्हवं? म्हनलं, हापिसाचं काम हाय, बाय."

मला त्यांच्याकडं बघवेना. "काका, बिघाड मला गुरुवारीच कळला होता," मी म्हणाले. "मुद्दाम सांगितला नाही. तुमचा फोन यायचा बंद होईल म्हणून." मग आबांचंही सांगितलं, तुटक तुटक.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तवाच सांगायचं की," एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, पण दुखलं होतं, ते मला ऐकू आलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्यास्नी ऐकाय येतं न्हवं?"

"येतं."

"मग तू बोल की, पोरी."

त्यांची एस्टी सुटायच्या आत मी नवी पेठेत जाऊन बॅटरी आणली आणि ती बसवायची कशी ते एका मोकळ्या संगणकावर दाखवलं. कामाच्या नोंदवहीत 'उशीर माझ्याकडून' असं लिहिलं. वरिष्ठ बोलले, ते ऐकून घेतलं.

आता मी आबांशी वीस-वीस मिनिटं बोलते, गावच्या बोलीत. काकांच्या मेंढीचंही सांगितलं. पलीकडून श्वासच येतो. भाऊ म्हणतो, ऐकताना डोळे उघडे ठेवतात. ते बोललेले नाहीत, बोलतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

मोडनिंबची जोडणी पुन्हा तुटली नाही, त्यामुळे काकांना फोन करायला कारण उरलं नाही. पावसाळ्यानंतर तिथून एकदा फोन आला, तो नव्या कारकुनाचा होता, प्रिंटरसाठी. काकांनी काम सोडलं होतं. मी त्यांचा घरचा नंबर मागून घेतला, चिठ्ठीवर लिहिला. त्यांची नात त्या शनिवारी शर्यतीत कितवी आली, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.