कुकरच्या शिट्ट्यांआड

आज रविवारी डाळ करपली आणि तो वास मला बनी पार्क वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत घेऊन गेला.

बाबा रेल्वेत होते, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही जालन्याहून जयपूरला आलो होतो. रविवारी आमच्याकडे प्रार्थनेला ख्रिस्ती कुटुंबं जमायची. मग एकदा गल्लीतली माणसं दारात येऊन ओरडून गेली, "यहाँ ये सब नहीं चलेगा!" पुढच्या रविवारी कोणीच आलं नाही. बाबा ड्युटीवर होते. आईने सतरंजी मात्र नेहमीएवढीच मोठी अंथरली, गॅसवर कुकर चढवला आणि शिट्ट्यांच्या आवाजाआड आम्ही दोघी हात धरून हळूच गाऊ लागलो. एक ओळ तिची, एक माझी.

गाणं लांबलं, डाळ करपली. आईने उठून गॅस बंद केला. घर एकदम शांत झालं. जिन्यावर पावलं वाजली.

"आई, आता ऐकू जाईल गं."

"जाऊ दे. आपला देव काय चोरून आणलाय?" म्हणत तिने पुन्हा माझा हात धरला आणि मोकळ्या आवाजात पुढची ओळ म्हटली.

तेव्हा ती मला फक्त शूर वाटली होती. तिचा हात किती गार पडला होता, ते आज आठवतं.

आता कोणी येत नाही, ना ओरडायला, ना प्रार्थनेला. मी गॅस बंद करते आणि गाऊ लागते. दोन्ही ओळी मलाच म्हणाव्या लागतात.