चंची आणि मिश्रीची डबी

आमच्याकडे वाटणीची रीत सोपी आहे. एकाने वाटे घालायचे आणि सगळ्यात धाकट्याने पहिला उचलायचा. यंदा भात झोडून झाल्यावर बाबांनी खळ्यावर तेच मांडलं. "जिता हाय तवर करून टाकतो, मागनं डोकी फोडू नका," असं फोनवर ऐकून मी शहापूरहून सासरची कामं टाकून मुरबाडला आले आणि तिथून जीपने सिद्धगडाखालच्या आमच्या गावी. मला बोलावलं होतं ते हक्कसोडीला मान हलवायला. लेकीचं काम तेवढंच, वर एक साडी.

बाबांनी दोन ढीग केले. प्रत्येक शेताचा एक दगड, आंब्याच्या झाडाचं एक पान, घराचं एक कौल मधोमध फोडून दोन्हीकडे. मग कमरेची तंबाखूची चंची काढून एका ढिगावर ठेवली, आत जाऊन आईची मिश्रीची डबी आणली आणि ती दुसऱ्यावर.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"मी हितं धाकट्याकडं. तुजी आय वाशिंदला थोरल्याकडं. एका सुनंवर दोन म्हातारी नकोत."

भाऊ दोघेही पायाने पेंढा सारत राहिले. बाबांपुढे बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. मला मात्र असा संताप आला! बाबांच्या नुसत्या खोकण्यावरून त्यांना झोप लागलीय की नाही हे आई ओळखते. ती वाशिंदच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय ओळखणार?

आई दारात उभी होती. डोळे भरलेले, पण तोंड चालूच. "मला न इचारता माजी डबी उचलली कशी?"

धाकट्या भावाने नाइलाजाने चंचीच्या ढिगाकडे हात पुढे केला.

"थांब रे," मी म्हणाले. "सगळ्यात धाकटी मी हाय."

 लेकीने वाटा उचललेला आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. पण उचलू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी चंची घेतली, डबी घेतली आणि कौलाचे दोन्ही तुकडे घेतले.

"ह्यो माजा वाटा. बाकीचं तुमी घ्या. ही दोघं हायत तवर घर वाटायचं नाय, दोघं हितंच ऱ्हातील. करायला आपण तिघं हाव."

"मी दर शनिवारी येतो," थोरला लगेच म्हणाला. बिचारा कधीपासून थांबला होता कोण जाणे. दोन वेळचं जेवण धाकट्याने स्वतःहून अंगावर घेतलं.

"आनि माजी तंबाखू?" बाबा कुरकुरले.

"ती आता माजी. मागा, देईन."

पुढच्या महिन्यात मुरबाडला वकिलांकडे मृत्युपत्र केलं. बाबांनंतर घर आईचं, तिच्यानंतर आम्हा तिघांचं. वकिलांनी सगळं वाचून दाखवलं.

"आजून येक लिवा," बाबा म्हणाले. "आमा दोघांना कोनी येगळं करू नये."

वकील हसले. "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"मंग गेल्यावर."

"गेल्यावर तरी सुटका असू द्या माजी," आई म्हणाली आणि सगळं ऑफिस हसलं. तीसुद्धा हसली, पदराने डोळे पुसत.

बाबा तेवढे हसले नाहीत. टेबलावर पुढे वाकले आणि वकिलांना म्हणाले, "तिचं आयकू नका. तुमी लिवा."