दाजी आणि सावकाश सर्जन

माझे दाजी घड्याळं दुरुस्त करतात आणि पदरमोड करून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शस्त्रक्रियेची हत्यारं जमवतात. हाडं कापायच्या करवती, कवटीला भोक पाडायचं गिरमिट, रक्त थांबवायला मांडीवर आवळायचा पितळी स्क्रूचा पट्टा. लाल मखमलीच्या पेट्यांतून ही मंडळी झोपायच्या खोलीतल्या कपाटात ऐसपैस राहतात आणि माझ्या ताईचे कपडे कॉटखालच्या ट्रंकेत. "कसायानंसुद्धा घरी एवढं सामान ठेवलं नसतं," ताई म्हणते. दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि करवतीच्या मुठीवरून फडकं फिरवतात.

पाहुणा आला की त्याची सुटका नाही. चहा निवायच्या आत दाजी सुरू होतात. ही सगळ्यात जुनी पेटी भूल द्यायचा शोध लागायच्या आधीची. चौघांनी रोग्याला दाबून धरायचं आणि सर्जननं दोन मिनिटांत पाय उतरवायचा. जो झटपट, तो निष्णात. हे ऐकून माझा एक मित्र जो गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

मग ताईच्याच पोटात गाठ निघाली. सर्जन तरुण, हळू बोलणारा. म्हणाला, "तीन तास लागतील." दाजींचा चेहरा पडला. जिना उतरताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "तीन तास? याचा हात बसलेला दिसत नाही. दुसरा बघू या."

मी कपाळावर हात मारून घेतला. ताईनं मागून ऐकलंच. "तुम्ही लोकांची घड्याळं आठ-आठ दिवस अडकवून ठेवता, तेव्हा कुणी दुसरा बघतं का? मी इथंच करून घेणार."

ऑपरेशनच्या दिवशी तीन तास उलटून गेले तरी दार उघडेना. आता भूल देतात हे काय दाजींना ठाऊक नव्हतं? पण जीव टांगणीला लागला की ठाऊक असलेलं काही कामाला येत नाही. ते बाकावरून उठत, दाराला कान लावत, परत येऊन बसत. शेवटी सिस्टर बाहेर आल्या तशी त्यांनी वाटच अडवली.

"आत तिला कुणी धरलंय का? मी येऊ का धरायला?"

मला हसू आलं नाही. सिस्टरही हसल्या नाहीत. "कशाला धरायचं, काका? त्या गाढ झोपल्यात. म्हणून तर डॉक्टर घाई न करता नीट बघून काढतायत."

दाजी मटकन बाकावर बसले. थोड्या वेळानं सर्जन घाम पुसत आला आणि म्हणाला, "गाठ अख्खी निघाली. काळजीचं काही दिसत नाही." माझाही जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ताईनं डोळे किलकिले केले. दाजी उशाशी बसले होते. त्यांना बघून ती कुरकुरली, "अहो, किती ताटकळत ठेवायचं माणसाला? कधी नेणार मला आत?"

दाजी हसता हसता ढसाढसा रडायला लागले.

"झालं गं," ते म्हणाले. "सगळं होऊन गेलं. तुला कळलंसुद्धा नाही."