खिडकी एक, रोपं दोन डबे

लग्नानंतर आम्ही कल्याणला एका खोलीत राहायला आलो. यांना मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात नोकरी होती. खोलीला खिडकी एकच आणि समोर शेजारच्या घराची भिंत. सकाळी दोन-अडीच तास काय तो उजेड.

घरमालकीणबाईंनी मागच्या अंगणात चार हात जागा मला वापरायला दिली होती. भाद्रपद चालू होता. बाहेर बी टाकलं तर त्यांच्या कोंबड्या उकरणार, म्हणून रॉकेलचा डबा आडवा कापून दोन्ही भागांत माती नि चाळलेलं शेणखत भरलं. एकात मिरचीचं बी, दुसऱ्यात राखेत सुकवलेलं टोमॅटोचं. डबे खिडकीत ठेवले. टोमॅटो आठवड्यात वर आले. मिरचीने पंधरवडा घेतला.

मिरची उगवली आणि यांना रात्रपाळी लागली. सकाळी यायचे, चहा घेऊन आडवे व्हायचे. खिडकीवर घोंगडी टांगायची आणि त्या अंधारात मी भांड्याचा आवाज न करता स्वयंपाक करायचा. डबे उचलून पायरीवर न्यायचे, कोंबड्या आल्या की परत आत. मला सहावा महिना चालू होता. दोन दिवसांत कंबर धरली. तिसऱ्या दिवशी डबे उचललेच नाहीत.

टोमॅटोची रोपं दोऱ्यासारखी बारीक, पिवळी होऊन घोंगडीच्या फटीकडे वाकली.

"अहो, तासभर घोंगडी काढू का? जातील हो सगळी."

"अगं, मग मी झोपू कधी?" रागावले नाहीत, रडकुंडीला आल्यासारखे बोलले. मग स्वतःच उठून त्यांनी घोंगडी काढली आणि डोळ्यांवर पंचा टाकून पडले. झोप काही लागली नाही. कामाला निघाले तेव्हा डोळे लालबुंद होते. दुसऱ्या दिवशी मीच घोंगडी टांगली.

टोमॅटोची निम्मी रोपं मानेतून आडवी पडली. मिरचीची वाढ थांबली, पण ती तगली.

पाळी बदलल्यावर एका सुट्टीच्या दिवशी हे अंगणात आले. "तू वाकू नकोस, सांग फक्त." मी सांगत गेले, यांनी खड्डे केले. टोमॅटोचे लांबलेले देठ पानांपर्यंत मातीत पुरले, म्हणजे देठालाच मुळं फुटतात. भोवती काट्या रोवल्या. मी पाणी आणायला गेले, परत येते तो हे भिंतीला टेकून भर उन्हात झोपलेले. हाताची माती तशीच. उठवलं नाही.

पुढे मी बाळंतपणाला माहेरी गेले. शिमग्याच्या सुमारास मुलीला घेऊन परत आले, तर पाच-सहा झाडांवर मिरच्या लाल होऊन तशाच सुकलेल्या.

"तोडल्या नाहीत का हो?"

"वेळच झाला नाही गं." मग म्हणाले, "टोमॅटो दोनच आले. एक खाल्ला मी. गोड होता."

त्या आठवड्यात यांची पुन्हा रात्रपाळी होती. मुलगी दिवसभर रडायची.