गोळ्या वाढल्या

आमच्या सासूबाई घरातलं काहीच संपू देत नाहीत. मीठ संपत नाही, ते 'वाढतं'. तांदूळ वाढतात, तेल वाढतं, कुंकू तर वाढतंच. संपलं म्हटलं की घराला खरोखर उतरती कळा लागते, अशी त्यांची पक्की खात्री. मी शाळेत मराठी शिकवायचे. वर्गात हा शब्द समजावताना सासूबाईंचंच उदाहरण द्यायचे आणि मुलं खिदळायची.

शाळा विनाअनुदानित होती. ती बंद पडली, माझा पगार थांबला आणि मेडिकलमधून औषधं आणणं जड जाऊ लागलं. प्रेशरच्या आणि साखरेच्या गोळ्या रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून आणायच्या, असं सासूबाईंनीच ठरवलं. एसटीने त्या एकट्या जायच्या. मोफत औषधांच्या खिडकीपुढे उभं राहणं टाळायला मी दर वेळी काहीतरी काम काढायचे. सरकार लोकांना फुकट वाटून माजवतंय, असं स्टाफरूममध्ये तावातावाने बोलणारी मीच ना!

गेल्या महिन्यात त्यांना चक्कर आली, म्हणून सोबत जावंच लागलं. रांगेत बरीच मागे माझ्या एका विद्यार्थ्याची आई दिसली. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि बंद मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी बोलत राहिले. त्या वेळी मी कशी दिसत असेन, ते आठवलं की आजही शरमल्यासारखं होतं.

खिडकीत घाटावरून नवा आलेला तरुण फार्मासिस्ट होता. सासूबाईंनी केसपेपर पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "गोळ्या वाढल्या रे बाबा."

"वाढल्या? म्हणजे तुम्ही खातच नाही!" तो कडाडला. "सरकार एवढा पैसा ओतून औषधं आणतं आणि तुम्ही घरी साठवून ठेवता? आधी त्या खाऊन घ्या, मग या."

सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य सांगण्यातच माझी अर्धी नोकरी गेली होती. पण मला तिथून फक्त निसटायचं होतं. मी "सॉरी" म्हटलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

"दिल्यान नाय का गो?" आवारातल्या बाकावर बसत त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग रात्री काय घेऊ? डबीत एक पण नाय."

तू का बोलली नाहीस, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं, पण धरणी काही गोळ्या देणार नव्हती. मी परत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले. नंबर आला तेव्हा ओढणी खांद्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाढल्या म्हणजे संपल्या. आमच्याकडे संपल्या म्हणत नाहीत."

तो ओशाळला. "आमच्याकडं वाढल्या म्हणजे उरल्या, मॅडम," असं पुटपुटत त्याने गोळ्या काढून दिल्या. वळले, तर विद्यार्थ्याची आई बाजूला उभी राहून आपल्या गोळ्या पिशवीतल्या भाजीखाली दडपत होती. आमची नजरानजर झाली. आधी तिने मान खाली घातली, मग मी.

स्टँडवर सासूबाईंनी गोळ्या चाचपून पाहिल्या आणि पिशवीत नीट ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढल्या खेपेस तू नको येऊस हो. तुला लाज वाटते, ते कळतं मला. मी एकटी येईन."

"आणि त्याने पुन्हा परत पाठवलं तर?"

"नाय पाठवायचा," त्या हळूच म्हणाल्या. "मी 'संपल्या' म्हणेन."