कोमल झोपेपर्यंत

कोमल झोपत नव्हती, आणि ती झोपल्याशिवाय माझं मशीन तोंड उघडणार नव्हतं.

नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान किती ऐकतो ते मोजणारी. कोमल सोळा वर्षांची. जन्मांध, शिवाय ऑटिझम. बोलत नाही, अधूनमधून फिट येते. आईवडील तिला कुंभार पिंपळगावहून घेऊन आले होते. ती बहिरीही आहे असं घरचे लहानपणापासून धरून चालले होते. मागे एका कॅम्पमध्ये कुणीतरी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, तिनं मान वळवली नाही, आणि कागदावर 'दोन्ही कान निकामी' लिहिलं गेलं. आता तिला सगळ्यात ताकदीचं श्रवणयंत्र बसवायचं होतं. चांगल्या कानात असलं यंत्र म्हणजे दिवसभर डोक्याशी भोंगा. आणि ही पोर 'दुखतंय' म्हणून सांगणार नव्हती.

मला शंका होती. टाळी ऐकून आपण वळतो ते बघायला. जिला दिसतच नाही ती कशाला वळेल?

'बीप आला की बटण दाबा' ही साधी तपासणी जमली नाही. हेडफोन तिनं भिरकावला. उरली बेरा टेस्ट. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवायच्या, कानात टकटक सोडायची आणि ती मेंदूकडे निघाली का ते स्क्रीनवर बघायचं. त्यासाठी पेशंट गाढ झोपलेला हवा. फिटमुळे झोपेचं औषध द्यायला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनीच मनाई केली होती.

तेच सर दारातून डोकावले. "अजून किती?"

"झोपली की लगेच."

"दीड तास झाला. कागद आहे ना हातात? यंत्र बसव आणि मोकळी हो."

"सर, तो कागद एका टाळीवर लिहिलाय."

ते घड्याळ बघत निघून गेले.

"हिची झोपायची वेळ कोणती?" मी वडिलांना विचारलं.

"टाइमच न्हाई म्याडम. कधी दिवसा, कधी रातीला. शेळ्या रवंथ करून राह्यल्या की त्यांच्यात जाऊन पडती."

डोळ्यांत उजेड शिरत नसेल तर शरीराला दिवस-रात्र कळत नाही, हे मी शिकले होते. शेळ्यांचं काही पुस्तकात नव्हतं. आणि शेळ्या काही दुसऱ्या मजल्यावर येणार नव्हत्या.

"तिची घोंगडी आणलीया," आई म्हणाली.

मी एसी, पंखा, दिवे सगळं बंद केलं. घोंगडी जमिनीवर अंथरली तसा खोलीभर शेळ्यांचा उबदार वास पसरला. आई पोरीच्या पाठीला पोट लावून आडवी झाली. कोमलचं डोलणं हळूहळू मंदावलं. खालच्या ऑटोंचे आवाज लांब लांब गेले. वडील भिंतीला टेकून पेंगले, आणि खुर्चीत माझाही डोळा लागला. मला वाटलं, आपण दुपारच्या माळावर बसलोय आणि आजूबाजूला कुणीतरी सावकाश चघळतंय. तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

"झोपली," आई कुजबुजली.

मी जागा दाखवल्या, वायरी आईनंच चिकटवल्या. तिचा हात ओळखीचा, कोमल हललीही नाही.

कान चालू असेल तर स्क्रीनवरच्या रेघेत लाटा उठतात. त्यातली पाचवी आम्ही शोधतो. मोठ्या आवाजाला ती आली. आवाज कमी केला, आली. कुजबुजीइतका केला तरी होती, बारीकशी, पण होती. दुसरा कानही तसाच. मला हसू आवरेना.

"दोन्ही कान चांगले आहेत," मी सांगितलं.

"म्हंजे मशीन नको?" वडील ताडकन जागे झाले.

"बिलकुल नको."

त्यांनी हात जोडले. आईचा चेहरा मात्र उतरला.

"मंग इतकी वर्सं आमी हिच्याम्होरं जे बोललो..."

"ते तिला ऐकू गेलं असणार."

"म्या रोज म्हणायची वो ताई. देवा, माझ्याआधी हिला ने. हिच्या उशाशी बसून म्हणायची. तिला कळलं असंल का?"

"ते मशीन सांगत नाही."

सकाळपासून मीसुद्धा त्या मुलीशी एक शब्द बोलले नव्हते. जे बोलले ते तिच्या डोक्यावरून, तिच्याबद्दल.

आई कोमलच्या कानाशी वाकून म्हणाली, "नीज बाळा. म्या हाय हितंच."

रिपोर्ट पाहून सरांनी यंत्र रद्द केलं. आता पेशंट आत आला की मी आधी त्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोलते, कागदावर काहीही लिहिलेलं असो. बहिऱ्याशी बोललो तर फार तर चार शब्द वाया जातात.